कळा आणण्याआधीचे जेवण

प्रसूतीच्या कळा आपोआप सुरू होण्याची वाट न पाहता त्या औषधांनी किंवा अन्य उपायांनी मुद्दाम सुरू करण्याच्या प्रक्रियेला वैद्यकात इंडक्शन म्हणतात, आणि मराठी घरांत तिचा उल्लेख ‘कळा आणणे’ असाच होतो. दिवस उलटून गेलेले असणे, गर्भजल कमी होणे, गरोदरपणातील मधुमेह, वाढलेला रक्तदाब, पाणमोट फुटूनही कळा न येणे अशा कारणांसाठी डॉक्टर दाखल होण्याची तारीख देतात, आणि तारीख हाती आली की पिशवीत काय भरावे याच्या पाठोपाठ घरात प्रश्न उभा राहतो तो त्या दिवशी गर्भवतीने काय खावे, की काही खाऊच नये, याचा. त्याचे उत्तर प्रत्येक रुग्णालयात वेगळे मिळते. कोठे ‘उपाशीपोटी या’ असे बजावले जाते, कोठे हलका नाश्ता करून यायला सांगतात, आणि कोठे या बाबतीत कोणी काही बोलतच नाही. ही तफावत समजून घ्यायची तर जवळजवळ ऐंशी वर्षे मागे जावे लागते.

न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क लाइंग-इन हॉस्पिटलमध्ये १९३२ ते १९४५ या काळात झालेल्या ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासून त्यांनी जठरातील पदार्थ उलटून फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना वेगळ्या काढल्या होत्या. त्यांतील दोन स्त्रिया दगावल्या, आणि दोघींचाही मृत्यू घन अन्नाने श्वासमार्ग बंद पडल्यामुळे झाला होता. त्या काळी बाळंतिणीला इथर आणि इतर वायू मास्कमधून हुंगायला देऊन बेशुद्ध करीत, श्वासनलिकेत नळी घालून ती सुरक्षित करण्याची रीत प्रसूतिगृहांत रुळलेली नव्हती, आणि भूल देण्याचे काम पुष्कळदा नवख्या डॉक्टरांवर सोपवलेले असे. त्यामुळे बेशुद्धीत उलटी झाली तर ती सरळ श्वासमार्गात उतरण्याचा धोका मोठा होता. मेंडेलसन यांनी पुढे सशांवर प्रयोग करून दाखवले की घन अन्न श्वासमार्ग बंद करते, तर पातळ पदार्थांतील आम्ल फुप्फुसांना भाजून काढते, आणि या दुसऱ्या प्रकाराला आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्या शिफारशींत कळा सुरू असताना तोंडावाटे अन्न देऊ नये ही एक होती आणि शक्य तेथे पूर्ण बेशुद्धीऐवजी फक्त आवश्यक तो भाग बधिर करावा ही दुसरी. पहिली शिफारस अमलात आणायला काहीच खर्च नव्हता, म्हणून ती जगभरच्या प्रसूतिगृहांत झपाट्याने पसरली. दुसरी रुजायला कित्येक दशके लागली.

दरम्यान भूल देण्याचे शास्त्रच पालटले. आता बहुतेक सिझेरियन शस्त्रक्रिया पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भुलीखाली होतात, स्त्री शुद्धीवर असते आणि खोकून आपला श्वासमार्ग मोकळा ठेवू शकते. पूर्ण भूल द्यावी लागली तरी श्वासनलिकेत नळी बसवली जाते आणि जठरातील आम्ल सौम्य करणारी औषधे आधी दिली जातात. या बदलानंतर उपाशी ठेवण्याचा नियम पुन्हा तपासला गेला. पाच चाचण्यांतील ३,१३० स्त्रियांची माहिती एकत्र करून केलेल्या कॉक्रेन आढाव्यात, कळांच्या काळात खाण्यापिण्यास मुभा देणे आणि मनाई करणे यांच्यामुळे सिझेरियनच्या प्रमाणात किंवा बाळाच्या प्रकृतीत फरक पडल्याचे दिसले नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका मोठ्या चाचणीत सुमारे २,४०० पहिलटकरणींची विभागणी हलका आहार घेणाऱ्या आणि फक्त पाणी पिणाऱ्या अशा दोन गटांत केली होती. दोन्ही गटांत साधारण तिघींपैकी एकीला उलटी झाली आणि प्रसूतीच्या निष्पत्तीत काही अंतर पडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत कमी जोखमीच्या स्त्रियांना कळांच्या काळात खाणे-पिणे द्यावे अशीच शिफारस केली. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांची संघटना मात्र आजही गाळीव पेयांना हो म्हणते आणि घन अन्नाला नाही. या दोन भूमिकांचा झगडा मिटण्याची चिन्हे नाहीत, कारण फुप्फुसात अन्न जाण्याची घटना आता इतकी दुर्मीळ झाली आहे की ती मोजू शकेल एवढी मोठी चाचणी कोणी केलेली नाही. एक पक्ष लाखो स्त्रियांची उपासमार पाहतो, दुसरा पक्ष क्वचितच घडणारा पण टाळता येण्याजोगा मृत्यू पाहतो, आणि आपापल्या जागी दोघांचेही म्हणणे वाजवी आहे.

इंडक्शनच्या बाबतीत या वादाला आणखी एक पदर आहे, तो वेळेचा. ठरवून केलेले सिझेरियन तासाभरात उरकते, त्यामुळे आदल्या रात्रीपासून उपाशी राहणे तेथे सोसवते. कळा आणण्याची प्रक्रिया मात्र दिवसभर आणि कधी त्याहूनही अधिक चालते. गर्भाशयाचे मुख, ज्याला ग्रीवा म्हणतात, ते कितपत मऊ झाले आहे, आखूड झाले आहे आणि उघडले आहे, तसेच बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, यांना गुण देऊन अमेरिकन डॉक्टर एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली एक गुणपद्धती मांडली, आणि आजही आतून तपासणी केल्यावर डॉक्टर तिच्याच आधाराने अंदाज बांधतात. गुण कमी असतील तर आधी ग्रीवा मऊ करावी लागते. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या द्रव्याची जेल आत ठेवतात, मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात किंवा रबरी नळीच्या टोकाचा फुगा आत फुगवतात, आणि त्यानंतर ऑक्सिटोसिनचे सलाइन लावून कळा वाढवतात. यातील पहिल्या टप्प्यालाच कित्येकदा बारा तास लागतात. पहिलटकरणीच्या बाबतीत तर पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावरही निदान बारा ते अठरा तास वाट पाहिल्याखेरीज ‘इंडक्शन फसले’ असा निष्कर्ष काढू नये, असे अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा स्थितीत आदल्या रात्री आठला जेवून सकाळी उपाशीपोटी दाखल झालेली स्त्री दुसऱ्या दिवशी पहाटे बाळंत झाली, तर तिच्या पोटात तीस तासांहून अधिक काळ अन्न गेलेले नसते, आणि तेही अशा वेळी, जेव्हा गर्भाशयाचा स्नायू तासन्‌तास आकुंचन पावत असतो आणि त्याला साखरेची गरज असते. साठवलेली साखर संपली की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले वाढतात; ही आम्ले थोडी वाढल्याने बाळाला इजा होते असे सिद्ध झालेले नाही, परंतु तहान, थकवा आणि मळमळ यांनी आईचे हाल होतात, हे सांगायला चाचणीची गरज नसावी.

दुसऱ्या बाजूला, सिझेरियनची शक्यता नाकारून चालत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अराइव्ह’ या अमेरिकन चाचणीत कमी जोखमीच्या ६,१०६ पहिलटकरणींचा समावेश होता. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांपैकी १८.६ टक्के स्त्रियांचे सिझेरियन झाले आणि वाट पाहिलेल्यांपैकी २२.२ टक्क्यांचे. म्हणजे इंडक्शनमुळे सिझेरियन वाढते हा समज त्या गटापुरता तरी खोटा ठरला, पण पाचातल्या जवळजवळ एकीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले हेही खरेच. म्हणून इंडक्शनआधीचे जेवण ठरवताना दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात: लांबलेल्या दिवसाला पुरेल एवढी शिदोरी शरीरात जावी, आणि काही तासांनी जठर तपासले तर ते बरेचसे रिकामे असावे.

हे दुसरे साधणे अन्नाच्या प्रकारावर अवलंबून असते. पाणी, गाळलेले सरबत, कोरा चहा असे आरपार दिसणारे द्रव जठरातून दोन तासांत निघून जातात. पाव-टोस्टसारखा हलका, बिनतेलाचा आहार सहा तास घेतो. तळलेले, तुपातले किंवा मांसाहारी जेवण आठ तास वा त्याहूनही अधिक काळ रेंगाळते. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की तेथून निघणारी संप्रेरके जठराचे दार आवळून धरतात, हे त्यामागचे कारण. नुसत्या गरोदरपणात जठर फारसे मंदावत नाही, पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप प्रोजेस्टेरॉनमुळे सैल पडते, म्हणून आंबट पाणी वर येते. खऱ्या कळा सुरू झाल्यावर जठराची हालचाल मंदावते, आणि वेदना कमी करण्यासाठी पेथिडिनसारखे अफूच्या जातीचे इंजेक्शन दिले तर ती जवळपास थांबते. यातच मराठी घरांना हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. आपला नेहमीचा चहा पातळ असला तरी त्यातील दूध जठरात गेल्यावर फाटते आणि त्याचे दही होते, म्हणून गाईम्हशीचे दूध भूलशास्त्रात घन अन्नाच्या रांगेत बसते. युरोपातील भूलतज्ज्ञांनी एक पंचमांशापर्यंत दूध असलेला चहा चालवून घेतला आहे, पण निम्मे दूध घालून उकळलेला घरचा चहा त्या मापात बसत नाही. ‘काही खाल्ले नाही, फक्त चहा घेतला’ या वाक्याने भूलतज्ज्ञाच्या कपाळाला आठी पडते ती याचमुळे.

आदल्या रात्रीच्या जेवणाला यातले कोणतेच बंधन नाही, आणि खरी संधी तीच आहे. तरीही त्या रात्री ‘उद्यापासून पथ्य’ म्हणून मटण, पुरणपोळी किंवा हॉटेलातील पनीरची भाजी खाण्याचा मोह आवरलेला बरा. अशा जेवणाने पोट जड होते, रात्री आम्ल वर येते आणि आधीच उडालेली झोप पार जाते. गुरगुट्या भात, मुगाचे साधे वरण, वर चमचाभर तूप आणि दुधी किंवा दोडक्याची कमी तिखट भाजी. किंवा मऊ मुगाची खिचडी. किंवा दोन फुलके, वरण आणि थोडे दही, असे रोजच्या ताटातलेच पण नेमके निवडलेले जेवण येथे उत्तम ठरते. ज्या घरात ज्वारीच्या भाकरीची सवय आहे तेथे भाकरी सोडण्याचे कारण नाही, कारण अशा रात्री सवयीचे अन्न हे नव्या ‘पौष्टिक’ अन्नापेक्षा पोटाला अधिक मानवते. चवळी, वाटाणा, छोले, कोबी यांनी वायू धरतो. पहिल्या तपासणीच्या वेळी फुगलेले पोट कोणालाच नको असते. मिसळीसारखे तिखट पदार्थ टाळण्याचे कारण अधिक रोखठोक आहे: कळांमध्ये तिघींपैकी एकीला उलटी होते, आणि तिखट-तेलकट अन्न परत येताना घसा आणि नाक जाळत येते.

सकाळच्या नाश्त्याबाबत दाखल होण्यापूर्वी रुग्णालयाला विचारणे भाग आहे, कारण जोखमीचा अंदाज तेथील डॉक्टरांनाच असतो. परवानगी असेल तर घरून निघण्याआधी, किंवा पहिली जेल ठेवण्यापूर्वी, दोन इडल्या, थोडा मऊ उपमा, भाजलेला पाव किंवा नाचणीचे पातळ सत्त्व एवढे पुरेसे होते. पोहेही चालतात, मात्र त्यांतील शेंगदाणे आणि फोडणीचे तेल आवरते घ्यावे. कोकणात आणि गोव्यात सकाळी उशिरा जी पेज घेतात ती या कामासाठी फारच सोयीची आहे: तांदूळ पूर्ण शिजलेला, पाणी भरपूर, मीठ चवीपुरते आणि तेलाचा थेंबही नाही, सोबतचे लोणचे तेवढे त्या दिवसापुरते बाजूला ठेवायचे. पेज गाळली तरी तिच्यात पिष्ट उरते, म्हणून ती गाळीव पेयांत मोजली जात नाही, ती हलके अन्नच समजावी. घरातील वडीलधारी मंडळी शकुनाचा म्हणून आग्रहाने जो शिरा वाढतात, त्याचा एक घास घेऊन त्यांचे मन राखावे. वाटीभर शिऱ्यातील तूप मात्र दुपारपर्यंत जठरात बसून राहते.

संकष्टी किंवा एकादशीला तारीख आली तर काय, हा प्रश्न महाराष्ट्रात अजिबात काल्पनिक नाही. उपासाचा फराळ हलका असतो ही समजूत साबुदाण्याच्या खिचडीपुरती तरी उलटी आहे. पिष्ट, शेंगदाण्याचे कूट आणि तूप यांचा हा मिलाफ जठराला आमटी-भातापेक्षा अधिक वेळ गुंतवून ठेवतो. उपास मोडायचा नसेल तर वरीचा मऊ भात, केळे आणि ताक हा पर्याय बराच सौम्य आहे. चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहणे मात्र त्या दिवशी कोणत्याही हिशेबाने परवडणारे नाही.

‘वाट मोकळी व्हावी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पदार्थांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांतील काही निरुपद्रवी आहेत आणि एक नाही. नवव्या महिन्यात गरम दुधात तूप घालून देण्याची चाल सर्वत्र आहे. त्याने ग्रीवा उघडते याला पुरावा नाही, आणि जेलच्या दिवशी सकाळी ते घेणे म्हणजे दूध आणि तूप ही रेंगाळणारी दोन्ही द्रव्ये एकाच पेल्यात घेणे होय. खजुराबद्दल जॉर्डनमध्ये २०११ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ स्त्रियांमध्ये कळा आपोआप सुरू होण्याचे प्रमाण न खाणाऱ्या ४५ जणींपेक्षा जास्त आढळले. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि चार आठवड्यांचे काम आदल्या रात्रीच्या मूठभर खजुरांनी होण्याची अपेक्षा धरता येत नाही. एरंडेलाची गोष्ट मात्र गंभीर आहे. त्यातील रिसिनोलिक आम्ल गर्भाशयाच्या आणि आतड्याच्या स्नायूंतील प्रोस्टाग्लँडिनच्याच एका ग्राहीला चालना देते असे २०१२ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसले, म्हणजे एरंडेलाने कळा येतात या जुन्या समजुतीला शास्त्रीय पाया आहे. त्यामुळेच ते घरी गुपचूप घेऊन वर रुग्णालयात त्याच मार्गाने काम करणारी जेल ठेवून घेणे धोक्याचे ठरते: कळा अति जोराच्या आणि लागोपाठ येऊ शकतात, जुलाबांनी शरीरातील पाणी निघून जाते, आणि मिसोप्रोस्टॉलमुळेही जुलाब होत असल्याने कशामुळे काय झाले हे कोणाला उमगत नाही.

ज्या दुखण्यासाठी कळा आणल्या जात आहेत, ते दुखणेच पुष्कळदा ताट ठरवते. गरोदरपणातील मधुमेहात आईच्या रक्तातील साखर नाळेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून आईची साखर चढली की बाळाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन जास्त बनवते, आणि नाळ कापताच बाहेरून येणारी साखर बंद होऊन बाळाची साखर घसरते. कळांच्या काळात आईची साखर ७२ ते १२६ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखावी असे ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, त्यामुळे अशा स्त्रीला गोड सरबत, शहाळे, केळे हे सारे मोजूनमापून आणि इन्सुलिनच्या मात्रेशी जुळवूनच घ्यावे लागते. नाश्ता टाळून नेहमीचे इन्सुलिन टोचणे हे तर त्याहून वाईट. रक्तदाब फार वाढलेला असेल तर सलाइन धरून एकूण द्रवावरच मर्यादा येते, आणि सिझेरियनची शक्यता जास्त असल्याने डॉक्टर घन अन्न पूर्ण बंद करतात. अशा वेळी लेखातले किंवा शेजारणीचे ऐकू नये.

कळांना जोर येण्यापूर्वीच्या लांबलचक काळात बऱ्याच रुग्णालयांत थोडेथोडे खाऊ देतात, आणि ऑक्सिटोसिन सुरू झाल्यावर घोटघोट पेयांवर येतात. सरकारी रुग्णालयात २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत आहार मोफत मिळतो, पण कळांच्या काळातील पेयांची सोय सहसा सोबतच्या बाईलाच करावी लागते. गाळलेले लिंबू सरबत, पातळ कोकम, शहाळ्याचे पाणी, कोरा चहा हे सगळे चालते. नुसते साधे पाणी तांब्यावर तांब्या पाजणे मात्र बरे नव्हे, कारण ऑक्सिटोसिनची रचना शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या एका संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्याने ते मोठ्या मात्रेत दिले की लघवी कमी होते आणि रक्तातील सोडियम पातळ होत जाते. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे असते, म्हणून लिंबू सरबतातील चिमूटभर मिठाला येथे खरे काम आहे.

सोबतच्या व्यक्तीने आणखी एक गोष्ट ध्यानात, किंवा फाइलच्या पाठीवर, टिपून ठेवावी: शेवटचे काय खाल्ले आणि किती वाजता. सिझेरियनचा निर्णय अचानक होतो तेव्हा भूलतज्ज्ञ हाच प्रश्न सर्वप्रथम विचारतात, आणि रागावतील या भीतीने पुष्कळ कुटुंबे दुपारचे बिस्कीट किंवा दुधाचा चहा लपवतात. खरे सांगितल्याने तातडीची शस्त्रक्रिया रद्द होत नाही. कळा देणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे पोट भरलेले आहे असेच धरून भूलतज्ज्ञ तयारी करतात, पण तीन तासांपूर्वी पोळी-भाजी झाली आहे हे कळले तर थोडा वेळ थांबणे शक्य आहे का, कोणती भूल द्यावी आणि आम्ल मारणारे औषध कोणते व केव्हा द्यावे, हे त्यांना नेमके ठरवता येते.